लहान आहे, त्याला काय कळते?

घरात मृत्यू झाला, आईवडिलांनी वेगळे राहण्याचे ठरवले, शेती सोडून शहर गाठावे लागले किंवा घरातले कोणी दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले, की मुलांविषयी नातेवाइकांत जी चर्चा होते ती बहुधा एका वाक्यावर येऊन थांबते: ‘लहान आहे, त्याला काय कळते?’ या वाक्यामागे दुष्टावा नसतो. मुलाला त्रास होऊ नये अशीच इच्छा असते, आणि पुष्कळदा मोठ्यांना स्वतःलाच त्या विषयावर बोलणे असह्य झालेले असते. तथापि बालमानसशास्त्राने गेल्या पाऊणशे वर्षांत जमवलेले ज्ञान या वाक्याला दुजोरा देत नाही. घरात काहीतरी बिघडले आहे हे मुलाला फार लवकर कळते. त्याला कळत नाही ते त्यामागचे कारण, आणि ते कोणी सांगितले नाही तर मूल आपल्या कुवतीप्रमाणे स्वतःच एक कारण रचते, जे वस्तुस्थितीपेक्षा अनेकदा अधिक भयंकर असते.

हा विषय समजून घेण्यासाठी नागपूर हे शहर समोर ठेवणे सोयीचे आहे, कारण विदर्भातील कुटुंबांची अनेक संकटे अखेर याच शहरात येऊन पोचतात. गंभीर आजारी माणसाला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत आणले जाते, विवाहाचे वाद कौटुंबिक न्यायालयात येतात, आणि यवतमाळ, वर्धा, भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांतील कितीतरी मुले वडिलांच्या मृत्यूनंतर किंवा नापिकीच्या वर्षानंतर येथील मामाच्या घरी, मावशीच्या घरी नाहीतर वसतिगृहात राहायला येतात. या मुलांपैकी कोणीही आपल्या आयुष्यातला हा बदल मागितलेला नसतो.

१. घटना एक, बदल अनेक

एखाद्या मुलाचे ‘वडील गेले’ असे मोठी माणसे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात एक घटना असते, परंतु मुलाच्या वाट्याला त्या एका घटनेमागून येणारी बदलांची मालिका येते. मानसशास्त्रात या मागाहून येणाऱ्या बदलांना दुय्यम हानी म्हणतात; म्हणजे मूळ आघातामुळे पुढे जे जे गमवावे लागते ते सारे. ‘दुय्यम’ या शब्दाचा अर्थ येथे ‘नंतरची’ एवढाच आहे, कमी महत्त्वाची असा नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू कापूस उत्पादक शेतकऱ्याने आत्महत्या केली असून त्याच्यामागे पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी आहे. तेरवीनंतर आई मुलांना घेऊन नागपूरला भावाकडे येते आणि एका खाणावळीत काम धरते. या मुलांनी वडील गमावले, हे उघड आहे. त्याशिवाय त्यांचे घर गेले, शाळा गेली, वर्गातले मित्र गेले, रोज रात्री गोष्ट सांगणारी आजी गावी राहिली, बैलजोडी विकली गेली, आणि आई पहाटेपासून रात्रीपर्यंत कामावर जाऊ लागल्याने जिवंत असलेली आईसुद्धा अर्धी हरवली. मामीच्या घरात कोणत्या डब्याला हात लावायचा आणि कोणत्या नाही, हे शिकणे हाही एक बदलच आहे.

वडिलांचा मृत्यू कोणालाच परत फिरवता येत नाही, पण बाकीचे बदल एकाच महिन्यात कोसळलेच पाहिजेत असे नाही. विदर्भातील शाळा तीव्र उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, साधारण जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून डिसेंबरात वडील गेलेल्या मुलांना त्याच गावात आजीजवळ ठेवून एप्रिलची परीक्षा देऊ दिली, तर नव्या शहरात रुळायला त्यांना मोठी सुटी मिळते. मध्येच हलावे लागलेच, तरी शाळा सोडल्याचा दाखला नाही या कारणाने पहिली ते आठवीच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, कारण शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे दाखला मिळण्यास होणारा उशीर हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. ही तरतूद फार थोड्या पालकांना माहीत असते.

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडचा शेतकरी मिरचीचे रोप वाफ्यातून काढण्यापूर्वी वाफ्याला पाणी देतो आणि मुळांभोवतीची माती शक्य तितकी सांभाळून रोप नव्या सरीत लावतो. जागा बदलली तरी थोडी जुनी माती सोबत आल्यामुळे रोप तगते. मुलाच्या बाबतीत ही माती म्हणजे आजीचा रोजचा फोन, जुन्या शाळेतल्या एका मित्राशी टिकवलेली गाठभेट, झोपण्यापूर्वीचा तोच पाढा किंवा तीच प्रार्थना, आणि सोबत आणलेली, मोठ्यांच्या लेखी निरुपयोगी असलेली एखादी वस्तू.

शेतकरी आत्महत्येच्या बाबतीत विदर्भातल्या मुलांना आणखी एका गोष्टीला सामोरे जावे लागते, जिच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. शासनाच्या २००६ च्या निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यांपैकी तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात दिले जातात. मात्र त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावे असणे, कर्ज बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांच्याकडून घेतलेले असणे आणि ते थकलेले असणे अशा अटींवर प्रकरण तपासले जाते, व शेवटी ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. प्रशासनाच्या दृष्टीने हा मदतीच्या निकषांचा शब्द आहे. परंतु घरात दिवसेंदिवस चाललेल्या चर्चेतून अकरा वर्षांच्या मुलाच्या कानावर तो ‘बाबा अपात्र ठरले’ असा पडतो. हा निर्णय कागदांविषयी आहे, वडिलांच्या किमतीविषयी नाही, हे त्याला कोणीतरी वेगळे बसवून सांगावे लागते. ते सांगण्याचे काम कोणत्याही शासकीय यादीत नाही, म्हणून ते घरातल्या किंवा शाळेतल्या माणसानेच अंगावर घेतले पाहिजे.

२. कोणत्या वयात काय कळते

मुलाला ‘कळणे’ ही दिवा लागावा तशी एका क्षणात घडणारी गोष्ट नाही. मृत्यूसारख्या कल्पनेचे तर वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वयांत उमगत जातात. हंगेरीतील संशोधिका मारिया नॉज यांनी बुडापेस्टमधील तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा प्रवासासारखा किंवा झोपेसारखा वाटतो, असे आढळले होते. पुढील संशोधकांनी मृत्यूच्या जाणिवेचे तीन प्रमुख भाग सांगितले. पहिला, मेलेले परत येत नाही. दुसरा, मृत शरीराला भूक, थंडी किंवा वेदना नसते. तिसरा, प्रत्येक सजीव केव्हातरी मरतो. बहुतेक मुलांना हे तिन्ही भाग साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळू लागतात, जरी प्रत्येक मुलाची गती निराळी असते आणि ज्याने घरात मृत्यू पाहिला आहे त्याला ते लवकर कळलेले असू शकतात.

हे ध्यानात घेतले, की मुलांच्या काही प्रश्नांचा उलगडा होतो. चार वर्षांची मुलगी आजोबांच्या दहाव्यानंतर ‘आजोबांना तिथे थंडी वाजत असेल का?’ असे विचारते, तेव्हा तिला दुसरा भाग अजून उमगलेला नसतो. ‘बाबा दिवाळीला येतील ना?’ असे विचारणाऱ्या मुलाला पहिला भाग कळलेला नसतो. त्याला काल सांगितले होते आणि आज तो पुन्हा विचारतो, याचा अर्थ त्याने लक्ष दिले नाही असा होत नाही.

म्हणूनच ‘बाहेरगावी गेले’ किंवा ‘झोपले आहेत’ ही उत्तरे लहान मुलासाठी घातक ठरू शकतात. जो बाहेरगावी गेला तो न भेटता गेला, म्हणजे त्याला आपण आवडत नव्हतो, असा निष्कर्ष मूल काढते. आणि झोपलेले माणूस परत उठत नसेल, तर रात्री स्वतः झोपायची भीती वाटणे स्वाभाविकच आहे. ‘देवाघरी गेले’ हे वाक्य श्रद्धा असलेल्या घरात वापरण्यास हरकत नाही, परंतु त्याच्या आधी साधे, खरे वाक्य आले पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाला पुढील शब्दांत सांगता येईल: ‘बाबांना फार मोठा आजार झाला होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण बाबांचे शरीर काम करायचे थांबले. म्हणजे ते मेले. ते परत येणार नाहीत. आता त्यांना दुखत नाही.’ पाच छोटी वाक्ये, प्रत्येक खरे. नऊ वर्षांच्या मुलाला याच माहितीत आजाराचे नाव आणि पुढे घरात काय होणार हेही लागते, तर चौदा वर्षांची मुलगी मृत्यूच्या कारणाइतकीच कर्जाची रक्कम आणि आपल्या शिक्षणाचे काय, हे विचारील.

आत्महत्येच्या बाबतीत हे सांगणे सर्वांत कठीण असते, आणि तेथेच लपवाछपवी सर्वाधिक होते. गावात ही गोष्ट लपून राहत नाही. मुलाला ती शाळेच्या मैदानावर, बहुधा सर्वांत निर्दय शब्दांत, कळते. घरातल्या विश्वासाच्या माणसाने आधी सांगितलेले बरे: त्यांचे मन फार आजारी पडले होते, त्या आजारात त्यांना दुसरा मार्ग दिसेनासा झाला, त्यामागे अनेक कारणे होती, आणि त्यात तुझा काहीही दोष नव्हता. घटना कशी घडली याचा तपशील सांगण्याची गरज नसते.

३. ‘माझ्यामुळे झाले’

वरच्या परिच्छेदातील ‘तुझा दोष नव्हता’ हे वाक्य मुलाने विचारलेले नसतानाही सांगावे लागते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले, की साधारण दोन ते सात या वयात मूल जगाकडे स्वतःला केंद्रस्थानी ठेवून पाहते. त्यात स्वार्थ नसतो, दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची क्षमताच अजून तयार झालेली नसते. अशा मुलाने रागाच्या भरात ‘आई, तू जा, मला नकोस’ म्हटलेले असते आणि आठवड्याने आई खरोखरच माहेरी निघून जाते. मुलाच्या हिशेबात या दोन घटनांच्या मध्ये काहीही नसते. शाळेची फी, खेळण्याचा हट्ट, कमी गुण यांवरून आईवडिलांचे भांडण झालेले त्याने ऐकलेले असेल, तर पुरावाही त्याच्या हाती असतो. ही समजूत मूल क्वचितच बोलून दाखवते, कारण गुन्हा कबूल करायला कोणीच उत्सुक नसते.

४. दुःख ओळखायचे कसे

मोठ्या माणसाचे दुःख पावसाळ्यासारखे सलग असते, अशी अपेक्षा असल्याने तेरवीच्या दिवशी अंगणात लगोरी खेळणारे मूल पाहून नातेवाईक ‘तो लवकर विसरला’ असे म्हणतात. वस्तुतः मुलाची दुःख सोसण्याची ताकद एका वेळी थोडीच असते. ते थोडे रडते, खेळायला पळते, आणि पुन्हा संध्याकाळी एकाएकी कोसळते. खेळ ही त्याची विश्रांती आहे आणि ती त्याला मिळू दिली पाहिजे.

पुष्कळ मुलांचे दुःख शरीरावाटे बाहेर येते. शाळेत जाण्याच्या वेळी पोटात दुखते, तपासणीत काही सापडत नाही, आणि मूल नाटक करते असा आरोप होतो. दुखणे मात्र खरे असते, कारण ताणाचा आतड्यांवर परिणाम होतो. अंथरूण ओले करणे बंद झालेले मूल पुन्हा ते करू लागते, सहा वर्षांची मुलगी दुपट्यासाठी हट्ट धरते. मागच्या वयाकडे असे परतणे बहुधा तात्पुरते असते आणि त्याबद्दल रागावल्याने ते लांबते. काही मुले चिडखोर होतात. जेथे घरातल्या बाईमाणसांना रडण्याची मुभा असते आणि मुलग्याला नसते, तेथे मुलग्याचे दुःख मारामारीच्या रूपाने शाळेत जाते.

यांपैकी कशाचीही तक्रार होत नाही असे एक मूल असते, आणि सर्वांत जास्त काळजी त्याचीच करायला हवी. तेरवीला जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता पुरुष’ असे म्हणते, आणि तो मुलगा ते वाक्य आज्ञेप्रमाणे उचलतो. तो रडत नाही, आईसमोर तर नाहीच. धाकट्या बहिणीची वेणी घालून तिला शाळेत सोडतो, बँकेतला फॉर्म भरतो, सहलीला जायचे नाही असे स्वतःच जाहीर करतो. सगळे त्याला शहाणा म्हणतात. मुलाने पालकाची भूमिका घेण्याच्या या अवस्थेत काही कामे त्याला बळही देतात, कारण आपण घराच्या उपयोगी पडतो ही भावना मुलाला सावरते. धोका तेव्हा असतो, जेव्हा त्याच्यावर कामांबरोबर आईच्या मनाला सांभाळण्याचीही जबाबदारी येते आणि स्वतःचे मूलपण दाखवायला जागाच उरत नाही. अशा मुलाला भाजी आणायला सांगावे, हिशेब लिहायला सांगावे, परंतु कर्ज कसे फिटेल ही चिंता मोठ्यांची आहे असेही त्याच वेळी निःसंदिग्धपणे सांगावे, आणि मामाने किंवा काकाने ती खरोखर आपल्याकडे घेतलेली त्याला दिसू द्यावी.

मुलाला न विचारता त्याची भूमिका ठरवण्याचा हा प्रश्न अंत्यविधीच्या वेळी वेगळ्या रूपाने येतो. मुलगा असला तर सात वर्षांचा असूनही त्याला अग्नी द्यायला पुढे केले जाते, आणि मुलगी असली तर तिला शेजारी पाठवले जाते. दोघांनाही विचारले जात नाही. घाटावर काय काय होईल हे आधी सांगितले, न जाण्याची मोकळीक दिली, आणि त्या वेळी फक्त मुलाकडे लक्ष देणारे एक माणूस सोबत ठेवले, तर निरोपाचा विधी मुलांना मदतच करतो. मुलींना तो नाकारण्याचे काहीच कारण नाही.

५. दोन घरांतले मूल

आता विभक्त होणाऱ्या आईवडिलांकडे वळू. येथे लोकांचा खरा प्रश्न असतो, ‘मुलांसाठी तरी एकत्र राहावे का?’ अमेरिकेतील संशोधिका मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी अनेक दशके कुटुंबांचा पाठपुरावा करून काढलेला निष्कर्ष येथे उपयोगी आहे: घटस्फोटित आईवडिलांच्या मुलांपैकी सुमारे २० ते २५ टक्के मुलांत पुढे गंभीर भावनिक किंवा सामाजिक अडचणी दिसल्या, तर विभक्त न झालेल्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे धोका दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो हे खरे, आणि तरीही चारपैकी तीन मुले सावरतात हेही तितकेच खरे. कोणते मूल सावरते आणि कोणते नाही, हे पाहू गेल्यास घटस्फोटाच्या कागदापेक्षा आईवडिलांमधील चालू राहिलेले भांडण अधिक निर्णायक ठरते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. रोज ताटे आदळणाऱ्या घरात एकत्र राहणे हे मुलासाठी केलेले बलिदान ठरत नाही. आणि वेगळे होऊनही न्यायालयात सात वर्षे लढत राहणे म्हणजे तेच घर वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवणे होय.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी आहे. कौटुंबिक न्यायालये १९८४ च्या कायद्याने निर्माण झाली आणि समझोत्याचा प्रयत्न करणे हे त्यांचे कर्तव्य ठरवले गेले; त्यासाठी तेथे विवाह समुपदेशक असतात. मुलाचा ताबा, म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहील, हे ठरवताना मुलाचे हित सर्वोपरी मानले जाते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. मोठ्या मुलाला समजून-उमजून पसंती सांगता येत असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायालय ती विचारात घेऊ शकते, मात्र त्यासाठी कोणतेही ठरावीक वय नाही. मुले ही आईबापांच्या मालकीची वस्तू नव्हेत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ सालीच घेतली होती, आणि विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे दोन्ही पालकांनी जबाबदारी वाटून घेण्याची, शिफारस केली.

मुलाचे मत ऐकणे आणि मुलाला निवड करायला लावणे यांत फार मोठे अंतर आहे. ‘तुला शनिवारी क्रिकेटचा क्लास सोडायचा नाही ना?’ हे विचारणे म्हणजे मत ऐकणे. ‘तुला आई हवी की बाबा?’ हे विचारणे म्हणजे मुलाला दोघांपैकी एकाचा विश्वासघात करायला सांगणे. या दुसऱ्या अवस्थेला निष्ठेचे द्वंद्व म्हणतात. बाबांकडे मजा आली हे आईला सांगायचे नाही, आईने नवा फोन घेतला हे बाबांना सांगायचे नाही, असे हिशेब आठ वर्षांचे मूल मनात करू लागते. आणि भेटीहून परतलेल्या मुलाची ‘तिथे कोण कोण होते?’ अशी उलटतपासणी झाली, की त्याला हेर व्हावे लागते.

एक वेळापत्रक मांडून पाहू. वडील नागपुरातल्या महालात आजी-आजोबांसोबत राहतात, आई त्रिमूर्तीनगरला, आणि मूल पाच वर्षांचे आहे. एक आड एक आठवडा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ वडिलांकडे, असे ठरले. मोठ्यांना हे उदार वाटते. परंतु रविवारी निघालेले मूल पुन्हा वडिलांना भेटते ते थेट बाराव्या दिवशी, आणि पाच वर्षांच्या मुलाला बारा दिवस म्हणजे जवळजवळ कायमचेच. यात दर बुधवारी संध्याकाळी दोन तासांची भेट घातली, तर सर्वांत मोठे अंतर सात दिवसांवर येते. आठवड्याला केवळ दोन तास वाढवून ही सुधारणा होते. बालभारतीच्या पुस्तकांचा दुसरा संच, गणवेशाचा एक जोड आणि झोपण्याची स्वतःची चादर दोन्ही घरी ठेवली, म्हणजे मुलाला पाहुण्यासारखी पिशवी भरून फिरावे लागत नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन महालातल्या गल्लीत फिरायचे आणि बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारा खाऊ-पैसे, गोळा करायचा, हे त्या मुलाचे दरवर्षीचे काम असेल, तर तो दिवस कोणाच्या वाटणीचा आहे यावर वाद घालू नये. तो मुलाचा दिवस आहे.

६. असून नसलेले माणूस

काही मुलांना दुःख करायला निमित्तच मिळत नाही. वडील परराज्यात कामाला गेले आणि हळूहळू त्यांचे फोन थांबले. आई घरात आहे पण तीव्र नैराश्याने भिंतीकडे तोंड करून असते. बाप रोज घरी येतो, पण दारूमुळे तो बाप राहिलेला नसतो. अमेरिकेतील अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अशा अवस्थेला अनिश्चित हानी हे नाव दिले: माणूस गेलेले नाही, आणि आहे असेही म्हणता येत नाही. येथे तेरवी होत नाही, भेटायला कोणी येत नाही, शाळेत बाई विचारपूस करत नाहीत. मूल आशा आणि संताप यांच्यामध्ये वर्षानुवर्षे हेलकावे खाते. या मुलाला खोटा भरवसा देऊ नये, तसेच ‘तो माणूस आपल्यासाठी मेला’ असेही त्याच्यावर लादू नये. बाबांचे पिणे हा आजार आहे, तो तुझ्या वागण्याने सुरू झाला नाही आणि तुझ्या वागण्याने बरा होणार नाही, एवढे स्पष्ट सांगणे शक्य असते.

७. साथीतली मुले

मार्च २०२१ मध्ये नागपुरात कोरोनाचे रुग्ण वाढले, १५ तारखेपासून टाळेबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये खाटा व प्राणवायू यांसाठी धावपळ सुरू झाली. त्या आठवड्यांत ज्या मुलांचे पालक गेले, त्यांच्या बाबतीत वर सांगितलेल्या जवळपास सर्व गोष्टी एकत्र घडल्या. रुग्णवाहिकेत बसताना हात हलवलेली आई परत आलीच नाही. तिचे शेवटचे दर्शन झाले नाही, घाटावर कोणी गेले नाही, नातेवाईक भेटायला येऊ शकले नाहीत, शाळा बंद असल्याने मित्र नव्हते. शिवाय ‘खोकला मी आणला का?’ हा प्रश्न अनेक मुलांच्या मनात राहिला, ज्याचे उत्तर कोणी दिले नाही.

दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने पाच लाख रुपयांची मुदतठेव आणि केंद्राने तेविसाव्या वर्षी मिळणारे दहा लाख रुपये जाहीर केले. तथापि एकच पालक, आणि तोही कमावता, गमावलेली मुले यापेक्षा कितीतरी अधिक होती. त्यांच्यासाठी जुनी बालसंगोपन योजना आधार ठरली. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळालेल्या या योजनेत मुलाला संस्थेत न पाठवता कुटुंबातच वाढवण्यासाठी दरमहा मदत दिली जाते, जी २०२३ मध्ये २,२५० रुपये करण्यात आली. घटस्फोटित, परित्यक्ता किंवा दुर्धर आजारी पालकांची मुलेही तिच्या कक्षेत येतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. बालन्याय कायदा, २०१५ खाली जिल्ह्यात काम करणारी ही समिती एक अध्यक्ष व चार सदस्य यांची असते. संस्था हा शेवटचा पर्याय असावा, हे त्या कायद्याचे तत्त्व आहे, आणि ते मुलांच्या मानसशास्त्राशी पूर्णपणे जुळणारे आहे.

८. कशाने मूल तगते

हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार, प्रेमळ, स्थिर माणसे झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे निदान एका मोठ्या माणसाशी असलेले अतूट नाते. ते माणूस आईवडिलांपैकीच असावे असे नव्हते, आजी, शेजारीण किंवा शिक्षक यांनीही ते काम केले होते. बॉस्टन परिसरात विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी एक पालक गमावलेल्या ७० कुटुंबांतील १२५ मुलांचा अभ्यास केला, तेव्हा मागे राहिलेला पालक कितपत सावरला आहे यावर मुलाचे सावरणे सर्वाधिक अवलंबून असल्याचे दिसले. त्याच अभ्यासात काही मुलांच्या अडचणी पहिल्या वर्षी दिसल्या नाहीत आणि दुसऱ्या वर्षी वर आल्या, हेही नमूद करण्याजोगे आहे, कारण आपल्याकडे वर्षश्राद्धानंतर विचारपूस जवळजवळ संपते.

या दोन निष्कर्षांचा व्यवहारातला अर्थ असा, की मुलाला मदत करायची तर आधी आईला झोप, कामावर रजा आणि मन मोकळे करायला माणूस मिळाले पाहिजे. मावशीने मुलासाठी महागडी सायकल आणण्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक केला, तर मुलाला अधिक मिळते.

शाळेचा वाटाही मोठा आहे. वर्गशिक्षिकेला बदल माहीत असेल, तर ‘माझे बाबा’ या निबंधाच्या दिवशी ती मुलाला आधीच हळूच दुसरा विषय सुचवू शकते, पालकसभेला आजी आली तर कपाळाला आठी घालत नाही, आणि गुण घसरले म्हणून लगेच तुकडी बदलत नाही. सर्व वर्गासमोर दाखवलेली दया मात्र मुलाला नको असते.

दोन-तीन महिने उलटूनही झोप, भूक आणि शाळा यांची घडी बसत नसेल, मूल सगळ्यांपासून तुटून राहत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा ‘मलाही बाबांकडे जायचे आहे’ असे वारंवार म्हणत असेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावी; शेवटच्या दोन लक्षणांत तर एक दिवसही थांबू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकृती विभाग, १४४१६ ही टेलि-मानस सेवा आणि संकटातील मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक विनामूल्य उपलब्ध आहेत.

सहाव्या वर्षी कळलेली गोष्ट मूल दहाव्या, चौदाव्या आणि विसाव्या वर्षी पुन्हा नव्याने समजून घेते. पहिल्यांदा विचारलेला प्रश्न ‘बाबा कुठे आहेत?’ असा असतो, पुढे तो ‘कसे गेले?’ होतो, आणि दहावीचा निकाल हातात आल्यावर ‘त्यांनी आमचा विचार का केला नाही?’ असा होऊ शकतो. या प्रत्येक वेळी उत्तर द्यायला माणूस आणि पुरावा दोन्ही लागतात, म्हणून वडिलांचे फोटो, त्यांच्या हस्ताक्षरातली वही, सातबारा, दवाखान्याचे कागद आणि विभक्त पालकाकडून आलेली पत्रेही रागाने किंवा दुःखाने नष्ट करू नयेत. ती एका पेटीत ठेवावीत आणि पेटी कोठे आहे हे मुलाला माहीत असू द्यावे.